रंग बदलला नाही तर?
हायड्रोजन ओळखणाऱ्या पातळ पटलांविषयी

हायड्रोजन कसा ओळखावा, या प्रश्नाचे शाळेतले उत्तर सर्वांना पाठ असते. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी न्यावी. 'फट्' असा आवाज झाला की वायू हायड्रोजन आहे. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात आणि एका परीक्षानळीपुरते ते बरोबरही आहे. पण जिथे हायड्रोजनच्या टाक्या, नळ आणि झडपा आहेत, अशा कारखान्यात किंवा इंधनकेंद्रावर ही कसोटी चालणार नाही, हे वेगळे सांगायला नको. तिथे गळती ओळखायची ती वायूने पेट घेण्यापूर्वी.

या गरजेतून जे अनेक संवेदक तयार झाले, त्यांत रंग बदलणारी पातळ पटले विशेष लक्ष वेधून घेतात. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर द्यायचा. हायड्रोजन आला की त्या थराचा रंग बदलतो. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे हायड्रोजनविषयीचे लेखन वाढले आहे. उद्या विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय निवडला तर नवल नाही. म्हणूनच या पटलांविषयी जे सांगितले जाते ते थोडे तपासून पाहावे, असे आम्हाला वाटते.

या विषयावरच्या लोकप्रिय लेखांचा साचा बहुधा ठरलेला असतो. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हे पटल मात्र रंग बदलून तो 'दाखवते'. त्याला वीज लागत नाही, म्हणून ठिणगीची भीती नाही. ते स्वस्त आहे. अगदी थोडा वायूही ते क्षणात ओळखते. यातले प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या पटलाबाबत खरे आहे. पण सगळी विधाने एकाच पटलाबाबत खरी नाहीत. हा आमचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रंग बदलला की काय समजायचे, याचे वर्णन या लेखांत भरभरून असते. रंग बदलला नाही तर काय समजायचे, याबद्दल मात्र ते गप्प असतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा आहे.

हायड्रोजनची अडचण

आधी थोडक्यात अडचण समजून घेऊ. हवेत हायड्रोजनचे प्रमाण आकारमानाने ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते. इतका मोठा पल्ला फार थोड्या वायूंचा असतो. पेट घेण्यासाठी लागणारी ऊर्जाही फार कमी, एका मिलिज्यूलच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढी. ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला आपण मुद्दाम उग्र वास लावतो. इंधनघटासाठी वापरायच्या हायड्रोजनला तसा वास लावणे अवघड आहे, कारण वासाच्या द्रव्यांतले गंधक इंधनघटातील उत्प्रेरक निकामी करते. शिवाय हायड्रोजनचा रेणू इतका लहान आणि हलका असतो, की तो पुढे निघून जातो आणि वासाचे जड रेणू मागे राहतात.

म्हणून संवेदक हवा. आणि ४ टक्क्यांची वाट न पाहता त्याच्या बऱ्याच खाली, साधारणपणे दहाव्या ते चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ०.४ ते १ टक्क्यावर, त्याने सूचना द्यायला हवी.

निळा रंग नेमके काय सांगतो?

रंग बदलणाऱ्या पटलांतील सर्वांत जुने आणि सर्वांत अभ्यासलेले कुटुंब टंगस्टन ट्रायऑक्साइडचे आहे. हा पिवळसर पदार्थ. त्याचा पातळ थर जवळजवळ रंगहीन दिसतो. त्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा अगदी विरळ लेप दिला आणि हायड्रोजन सोडला की थर गडद निळा होतो. नंतर हवा लागली की ऑक्सिजनमुळे तो पुन्हा फिका पडतो.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर तो फुटतो आणि सुटे अणू शेजारच्या ऑक्साइडवर 'सांडतात'. तिथे प्रत्येक अणू आपला इलेक्ट्रॉन टंगस्टनला देतो आणि स्वतः प्रोटॉन होऊन ऑक्सिजनजवळ बसतो. काही टंगस्टन अणूंची संयुजा सहावरून पाचवर येते. मग प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एका टंगस्टनवरून शेजारच्या टंगस्टनवर उडी मारू लागतो. हे शोषण मुख्यतः जवळच्या अवरक्त भागात आणि दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकाला होते. तांबडा भाग कमी झाला की उरतो तो निळा.

या 'सांडण्या'चा प्रसिद्ध दाखला १९६४ सालचा आहे. खूबियार या संशोधकाने दाखवले, की पिवळी टंगस्टन ट्रायऑक्साइडची पूड हायड्रोजनमध्ये साध्या तापमानाला पिवळीच राहते. पण ॲल्युमिनावर बसवलेले प्लॅटिनम तिच्यात मिसळले की निळी होते. म्हणजे रेणू फोडण्याचे काम प्लॅटिनमचे आणि रंगाचे काम टंगस्टनचे.

आता शाळेतला एक जवळचा प्रयोग पाहा. सोडियम टंगस्टेटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले आणि जस्ताचा तुकडा टाकला, तर द्रावण आणि त्यातला साका निळा होतो. बाहेरच्या चंचुपात्रातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडले तर मात्र तो निळा होत नाही. जुन्या पुस्तकांत याचे उत्तर 'नवजात हायड्रोजन' या शब्दांत दिलेले असते: नुकताच जन्मलेला हायड्रोजन अधिक क्रियाशील, म्हणून त्याने क्षपण केले. हे उत्तर आज टिकत नाही. क्षपण होते की नाही, हे आम्लात कोणता धातू टाकला यावर अवलंबून असते. 'नवजात' अणूच काम करत असता तर धातू बदलल्याने फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात जस्त आपले इलेक्ट्रॉन थेट टंगस्टनला देते आणि आम्ल प्रोटॉन पुरवते. हायड्रोजन वायू हा त्याच वेळी घडणाऱ्या वेगळ्या अभिक्रियेचा परिणाम आहे.

हा प्रयोग आम्ही मुद्दाम सांगितला. निळा रंग 'हायड्रोजन आला' असे सांगत नाही. तो 'टंगस्टनला इलेक्ट्रॉन मिळाला' एवढेच सांगतो. इलेक्ट्रॉन जस्ताकडून आला, विजेरीतून आला की हायड्रोजनकडून आला, हे रंगाला ठाऊक नसते. रंग बदलणाऱ्या विद्युत खिडक्यांत हेच ऑक्साइड लिथियमचे आयन आणि विद्युतप्रवाह यांनी निळे होते. तिथे हायड्रोजन वायूचा संबंधही नसतो. त्यामुळे 'हे पटल हायड्रोजन ओळखते' असे म्हणताना ओळखण्याचे काम खरोखर कोण करते, हे सांगितले पाहिजे. ते करतो वरचा धातूचा लेप. लेप बिघडला की ओळख संपली. खालचा रंगद्रव्याचा थर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. वरचे स्पष्टीकरण अंतिम आहे असे समजून ते शिकवले जाते, पण तसे ते नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील गेऑर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वेगळे चित्र मांडले: हायड्रोजन थरातील ऑक्सिजनला बरोबर घेऊन पाणी तयार करतो, थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा उरतात आणि रंग त्यांच्यामुळे येतो, थराच्या छिद्रांतले पाणी या सगळ्या वाहतुकीला मदत करते. 'सांडण्या'चे अंतर किती, यावरही वाद होता. २०१७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्लॅटिनमचे आणि लोह ऑक्साइडचे कण मोजक्या अंतरावर ठेवून दाखवले, की टायटॅनियम ऑक्साइडवर हायड्रोजनचे अणू सहज दूर पसरतात, पण ॲल्युमिनावर ते सुमारे १५ नॅनोमीटरच्या पलीकडे जात नाहीत. रंग डोळ्यांसमोर बदलतो म्हणून त्याचे कारणही तितकेच उघड असेल, असे नसते. विद्यार्थ्यांना हे सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

आरसा आणि काच

दुसरे कुटुंब धातूंच्या हायड्राइडांचे. १९९६ साली ॲम्स्टरडॅममधील हायबर्ट्स, ग्रीसेन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक चकित करणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. यिट्रियमचा ५०० नॅनोमीटर जाडीचा थर, त्यावर पॅलेडियमचे पातळ आवरण. थर आरशासारखा चकचकीत. हायड्रोजन दिला की काही वेळात तो पारदर्शक आणि पिवळसर होतो! दर यिट्रियम अणूमागे दोन हायड्रोजन अणू असेपर्यंत पदार्थ धातूसारखा वागतो. तिसरा अणू आला की मोकळे इलेक्ट्रॉन बांधले जातात आणि तो अर्धवाहक बनतो. निळा प्रकाश तेवढा शोषला जातो, बाकीचा आरपार जातो, म्हणून पिवळा रंग. हायड्रोजन काढून घेतला की पुन्हा आरसा. मात्र हा आरसा मूळच्या शुद्ध यिट्रियमचा नसतो, दोन हायड्रोजनवाल्या हायड्राइडचा असतो. 'पूर्ववत होते' असे लिहिताना ही बाब सहसा सुटते.

इथेही ओळखीचे काम पॅलेडियमकडे. या धातूची हायड्रोजन शोषण्याची क्षमता थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ सालीच अभ्यासली होती. पण पॅलेडियमला स्वतःच्या अडचणी आहेत. पुरेसा हायड्रोजन शिरला की त्याचे स्फटिकजालक एकदम फुगते; आकारमान सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. काचेला घट्ट चिकटलेला थर असा वारंवार फुगला आणि आक्रसला तर त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. शिवाय हायड्रोजन आत जाताना जो दाब लागतो, त्याहून कमी दाबाला तो बाहेर येतो. त्यामुळे संवेदकाचे एकच वाचन दोन वेगवेगळ्या प्रमाणांशी जुळू शकते: आधी काय घडले होते, यावर आताचे उत्तर अवलंबून राहते. मोजमाप करणाऱ्या उपकरणात हा मोठा दोष आहे. सोने किंवा चांदी मिसळून तो बराच कमी करता येतो.

या दोषांवर चांगले काम झाले आहे आणि ते नमूद करायलाच हवे. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने २०१७ साली पॅलेडियमने झाकलेला हाफ्नियमचा थर दाखवला. त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण हायड्रोजनच्या दाबानुसार तब्बल सहा दशपटींच्या पल्ल्यात सलग बदलते आणि येण्याजाण्याच्या वाटा एकच राहतात. हे प्रयोग १२० अंश सेल्सिअसच्या आसपासचे होते, हे विसरू नये. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली पॅलेडियम आणि सोने यांच्या सूक्ष्म कणांवर प्लॅस्टिकचे आवरण देऊन एका सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळवला. त्या आवरणाने कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंपासून संरक्षणही मिळाले.

गुंडाळायची पट्टी

तिसरे भावंड दिसायला अगदी साधे आहे. अमेरिकेत नासाचे केनेडी अवकाश केंद्र आणि फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटर यांनी विकसित केलेली ही सिलिकोनची पट्टी. तिच्यात टायटॅनियम ऑक्साइडच्या कणांवर बसवलेले पॅलेडियम ऑक्साइड असते. हायड्रोजन लागला की पॅलेडियम ऑक्साइडचे क्षपण होऊन काळपट धातू तयार होतो आणि फिकी पट्टी गडद होते. ती नळाच्या सांध्याभोवती गुंडाळायची. गळती कुठे आहे, ते डाग पडलेल्या जागेवरून कळते. या पट्टीच्या नेहमीच्या प्रकारात रंग परत येत नाही.

अशी पट्टी का हवी वाटली, हे समजणे सोपे आहे. १९९० च्या उन्हाळ्यात हायड्रोजनची गळती सापडेना म्हणून 'कोलंबिया' आणि 'अटलांटिस' या यानांची उड्डाणे लांबली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये 'आर्टेमिस-१' चे उड्डाणही हायड्रोजनच्या गळतीमुळे पुढे ढकलावे लागले. शेकडो सांधे असतील तिथे 'गळती आहे' एवढे कळून भागत नाही. 'कोणत्या सांध्याला' हे कळावे लागते.

तिघांचे गुण एकाच्या नावावर

आता सुरुवातीच्या साच्याकडे वळू. 'वीज लागत नाही, स्वस्त आहे, डोळ्यांना दिसते' हे गुण पट्टीचे, आणि काही प्रमाणात टंगस्टनच्या पटलाचे. 'सहा दशपटींचा पल्ला, सेकंदाच्या आत प्रतिसाद' हे गुण प्रयोगशाळेतल्या हाफ्नियमचे आणि सूक्ष्म कणांचे. ते डोळ्यांनी वाचले जात नाहीत. त्यांना प्रकाशाचा स्रोत लागतो, प्रकाशमापक लागतो, म्हणजे वीज लागते. वीज गळतीच्या जागेपासून दूर ठेवता येते, हा खरा फायदा. १९८४ साली बटलर यांनी पॅलेडियमचा थर दिलेल्या प्रकाशतंतूचा संवेदक मांडला तो याच मार्गावरचा. पण मग 'वीज लागत नाही' असे न म्हणता 'धोक्याच्या जागी वीज न्यावी लागत नाही' असे म्हटले पाहिजे.

टंगस्टन ऑक्साइडचेही तसेच. त्याच्या शोषणाचा मोठा भाग अवरक्तात आहे आणि आपल्या डोळ्यांना दिसते ते त्याचे शेपूट. साधा अवरक्त दिवा आणि प्रकाशमापक डोळ्यांच्या आधी बदल टिपतील. गोडाउनमधल्या जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या उजेडात तर निळा डाग निळा न दिसता नुसता काळपट दिसेल. शिवाय हायड्रोजन वर जातो, म्हणून संवेदक छताजवळ लावायचा. आणि छताजवळच्या बोटभर पटलाकडे दर मिनिटाला पाहणार कोण? 'डोळ्यांना दिसते' या वाक्यात कोणीतरी पाहत आहे, उजेड आहे आणि पटल नजरेच्या टप्प्यात आहे, ही तीन गृहीतके लपलेली आहेत.

प्रयोगाच्या परिस्थितीचाही प्रश्न आहे. आरगॉन किंवा नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या हायड्रोजनवर केलेली चाचणी आणि हवेतली चाचणी या एक नव्हेत. हवेत ऑक्सिजन असतो आणि तो प्लॅटिनमवरच हायड्रोजनशी संयोग पावून पाणी करतो. जो हायड्रोजन तिथेच खर्च झाला तो टंगस्टनपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आरगॉनमध्ये गडद झालेले पटल तेवढ्याच हायड्रोजनला हवेत फिके राहू शकते. आकडा वाचताना तो कोणत्या वायूतला, किती तापमानाचा आणि किती आर्द्रतेचा, हे विचारायलाच हवे.

गप्प राहिलेले पटल

आता मुख्य मुद्दा. पटल मूळच्याच रंगाचे आहे. याचा अर्थ काय? 'हायड्रोजन नाही' हा एक अर्थ. पण आणखीही अर्थ संभवतात. गंधकाची संयुगे किंवा कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागावर चिकटून बसल्याने उत्प्रेरक निकामी झाला असेल. थंडीमुळे किंवा छिद्रांत पाणी साचल्यामुळे क्रिया मंदावली असेल. वारंवार फुगण्याआक्रसण्याने आवरण उखडले असेल. किंवा वायू येऊन गेला असेल आणि कोणी पाहण्याआधी हवेने पटल पुन्हा फिके केले असेल. या साऱ्या परिस्थितींत पटल सारखेच दिसते. जिवंत पटल आणि मेलेले पटल यांत डोळ्यांना फरक कळत नाही.

आपल्याला लिटमसची सवय आहे. निळा लिटमस तांबडा झाला नाही तर द्रावण आम्लधर्मी नाही, असे आपण निर्धास्तपणे म्हणतो. शंका आली तर तोच कागद माहीत असलेल्या आम्लात बुडवून पाहतो. ही दुसरी पायरी आपण वर्गात क्वचितच करतो, पण नकारार्थी उत्तराला आधार तिचाच असतो.

न्यायाने बोलायचे तर हा दोष फक्त रंगाच्या पटलांचा नाही. ज्वालाग्राही वायूंसाठी उत्प्रेरक मण्यांचे संवेदक अनेक दशके वापरात आहेत. सिलिकोनच्या वाफांनी त्यांचा मणी निकामी होतो आणि तोही गुपचूप शून्य दाखवत राहतो. पण तिथे हा धोका ओळखून एक शिस्त तयार झाली आहे: ठरावीक काळाने माहीत असलेला वायू संवेदकावर सोडायचा आणि तो बोलतो का ते पाहायचे. शिवाय विद्युत संवेदकाची तार तुटली तर तेवढे तरी उपकरण सांगू शकते.

मूळ रंगावर परत येणाऱ्या पटलाला ही शिस्त लावता येते. न परतणाऱ्या पट्टीला ती लावता येत नाही, कारण चाचणी केली की पट्टी संपली. तिथे त्याच गुंडाळीतला तुकडा, तेवढाच काळ त्याच हवेत ठेवून तपासावा लागेल. म्हणजे पट्टी स्वस्त असली तरी तिच्यावर विसंबण्याची पद्धत फुकट मिळत नाही. कोणत्याही लेखाने किमतीची तुलना करताना हा खर्च धरला पाहिजे.

मग उपयोग कशाचा?

यावरून ही पटले कुचकामी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमचे म्हणणे उलट आहे. प्रत्येकाचे काम वेगळे ओळखले तर तिन्ही उपयोगी आहेत. परत न येणारी पट्टी म्हणजे नोंदवही: 'या सांध्यातून केव्हातरी गळले' असे ती सांगते, आणि रात्री कोणी नसताना गळले तरी सकाळी सांगते. परत येणारे पटल म्हणजे पहारेकरी: 'आता आहे' असे सांगते, पण काल काय झाले ते विसरते. उपकरणाने वाचलेले पटल म्हणजे मोजपट्टी: 'किती आहे' ते सांगते. नोंदवहीकडून पहाऱ्याची अपेक्षा केली की अपघाताला वाट मिळते.

जून २०१९ मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका हायड्रोजन इंधनकेंद्रावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीतील एका बुचाची जुळणी चुकीची झाल्याने गळती सुरू झाली, असे तपासात आढळले. अशा सांध्यावर गुंडाळलेली पट्टी सुरुवातीची सूक्ष्म गळती तपासणीच्या फेरीत उघड करू शकते. पण एकदा वायू जोराने सुटू लागला की पट्टी काळी होऊन उपयोग नाही; तिथे झडप आपोआप बंद करणारा, सेकंदात बोलणारा आणि स्वतःचा बिघाड स्वतः कळवणारा संवेदकच हवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अशा संवेदकांसाठी ठेवलेले उद्दिष्ट या दृष्टीने बोलके आहे: ०.१ ते १० टक्क्यांचा पल्ला, एका सेकंदाच्या आत प्रतिसाद, उणे ३० ते ८० अंश सेल्सिअस तापमान आणि दहा वर्षे आयुष्य. या यादीत 'रंग बदलावा' अशी अट नाही. रंग हे साधन आहे.

वर्गात काय करता येईल?

प्लॅटिनमचा लेप दिलेले पटल शाळेत मिळणार नाही. पण सोडियम टंगस्टेट आणि जस्ताचा प्रयोग उच्च माध्यमिक प्रयोगशाळेत थोड्या रसायनात होतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ ज्योत नसावी, डोळ्यांवर चष्मा असावा. निळा रंग आला की विद्यार्थ्यांना लगेच उत्तर न सांगता विचारावे: या रंगाने नेमके काय सिद्ध झाले? हायड्रोजन तयार झाला हे, की टंगस्टनचे क्षपण झाले हे? मग दुसऱ्या परीक्षानळीत त्याच द्रावणात बाहेरून हायड्रोजन सोडून दाखवावा. रंग येत नाही. आता विचारावे: हायड्रोजन असूनही रंग आला नाही, मग 'रंग नाही म्हणजे वायू नाही' असे म्हणता येईल का? दहा मिनिटांच्या या दोन परीक्षानळ्यांत या लेखाचा बहुतेक आशय येतो.

त्यानंतर संवेदकावरचा कोणताही लेख किंवा जाहिरात विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत. रंग कशामुळे बदलतो, आणि दुसऱ्या कशाने बदलेल का? चाचणी हवेत झाली की निष्क्रिय वायूत? वाचन डोळ्यांनी की उपकरणाने? रंग परत येतो का, आणि किती वेळात? आणि शेवटचा: हे पटल मेले आहे, हे मला कसे कळेल? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे चांगल्या लेखांत सापडतात. पाचव्याचे उत्तर ज्या लेखात नाही, त्यातल्या संवेदकाच्या भरवशावर कोणालाही हायड्रोजनच्या टाकीशेजारी उभे राहायला सांगू नये.